जुना व्हर्नियर थिओडोलाइट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या ऑक्टोबरात जुना पितळी थिओडोलाइट, म्हणजे जमिनीच्या मोजणीत कोन मोजायचं दुर्बिणीचं यंत्र, घेतला. सागवानी पेटी, 20 सेकंदांपर्यंत कोन वाचता येतो (अंशाचा साठावा भाग मिनिट, मिनिटाचा साठावा सेकंद). विकणाऱ्याने 'चालू स्थितीत' म्हणून दिला; घरी आणल्यावर दिसलं की एक फूट-स्क्रू (यंत्र समपातळीत आणायचा पायाचा स्क्रू) झिजलाय आणि लेव्हलच्या नळीतला द्रव गळून बुडबुडा भलताच लांब झालाय. दुरुस्तीत दीड महिना आणि किमतीच्या निम्मे पैसे गेले. तो राग अजून आहे.

त्यानंतर जवळजवळ दर रविवारी पहाटे ठाण्याच्या उपवन तलावाकाठी तो मांडतो. पेटी मी उचलतो, तिपाई पुतणी. दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं, त्याची सवय तिला माझ्याआधी झाली. तीन खुणांमधले तीन कोन मोजायचे. बेरीज 180 अंश यायला हवी. पहिल्या रविवारी 5 मिनिटं कमी भरली. तिपाईखाली माती भुसभुशीत होती, ओळंबा खुणेवर नीट नव्हता आणि मी एकाच व्हर्नियरवर, म्हणजे दोन खुणांमधला बारीक भाग वाचायच्या छोट्या पट्टीवर, वाचत होतो. समोरासमोरचे दोन्ही व्हर्नियर वाचून सरासरी घेतली की अंशांच्या खुणा असलेल्या वर्तुळाचा मध्य हललेला असल्याची चूक जाते. दुर्बीण पालथी करून तोच कोन पुन्हा घेतला की तिच्या रोखातला तिरकेपणा एकदा अधिक, एकदा उणा येऊन कटतो. हे पाळू लागल्यावर मे महिन्यात फरक 40 सेकंदांवर आला. इतक्या जुन्या पितळेकडून हे करून घेते ती मोजण्याची रीत.

भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणाऱ्या विल्यम लॅम्बटनचं काम मला आता कुठे उमगतंय. 1802 साली मद्रासजवळ त्याने सुमारे 12 किलोमीटरची पायारेषा (जिच्यावर पुढचे त्रिकोण उभे राहतात ती रेषा) मोजली. 100 फुटी पोलादी साखळी जवळजवळ 400 वेळा मांडून. ऊन लागलं की पोलाद वाढतं, म्हणून साखळी तंबूच्या सावलीत, सोबत तापमापक. माझी 30 मीटरची टेपही 10 अंशांच्या फरकाने साडेतीन मिलिमीटर लांबते. त्याचा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा. 1808 मध्ये तंजावरच्या देवळावर चढवताना तो आदळला आणि वर्तुळ वाकलं. लॅम्बटनने तंबूत बसून सहा आठवडे ते हळूहळू पूर्ववत केलं. दीड महिना मीही थांबलो होतो, पण दुसऱ्याच्या हातांवर विसंबून. 1823 साली तो मोजणीच्या कामावरच वारला, आपल्या हिंगणघाटला. विदर्भात जाणं झालं की तिथे थांबायचंच, हे मी ठरवून टाकलंय.

घ्यायचा असेल तर फूट-स्क्रू फिरवून बघा, बुडबुडा मधोमध आणून यंत्र 180 अंश वळवा आणि तो जागचा हलतो का पाहा. थोडा हलला तर जुळवता येतो. नळीच फुटली असेल तर घेऊ नका. भिंगांवर बुरशी हा ठाण्याच्या पावसाळ्यातला खरा धोका. कालच सिलिका जेलच्या पुड्या टाकून पेटी बंद केली. पाऊस उघडला की येऊरच्या डोंगराची उंची काढायची आहे.