न्यूरोसायन्सकडे जायचंय: आधी पेशंटसोबत व्हॉलंटिअरिंग की आधी लॅब?

माझी मावसबहीण डोंबिवलीला राहते, एसवायबीएस्सीला आहे, झूलॉजी घेतलंय आणि तिला मेंदूवर काम करायचंय. तिच्यापुढे दोन पर्याय आहेत, एक म्हणजे पार्किन्सन्सच्या सपोर्ट ग्रुपमध्ये दर शनिवारी व्हॉलंटिअर म्हणून जायचं, नाहीतर सगळी ताकद लावून उन्हाळ्यात कुठल्यातरी लॅबमध्ये इंटर्नशिप मिळवायची. मी दोन्ही केलंय, आधी ग्रुप आणि मग लॅब, म्हणून तिला फोनवर जे सांगितलं ते इथे नीट लिहितेय, तिच्यासारखे अजून बरेच जण असतील.

आधी घरच्यांसाठी एक गोष्ट, कारण आमच्याकडे यावरून खूप बोलणी झाली होती. न्यूरोसायन्स (मेंदूवरचं संशोधन) म्हणजे न्यूरोलॉजी (मेंदूच्या आजारांची डॉक्टरकी) नाही, एमबीबीएसला नंबर लागला नाही म्हणून मेंदूचा अभ्यास बंद होत नाही. कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतल्या शुभा टोळे आणि विदिता वैद्य, दोघींनी आपल्या झेवियर्समधून बीएस्सी केलं, दोघींना इन्फोसिस प्राइझ मिळालंय, टोळेंना २०१४ ला आणि वैद्यांना २०२२ ला. टोळेंचं काम गर्भात मेंदूचं कॉर्टेक्स, म्हणजे बाहेरचा थर, कसा घडतो त्यावर, वैद्यांचं सेरोटोनिन (मेंदूतलं एक रसायन) आणि ताणावर. हे आईबाबांना दाखवा, मी दाखवलं होतं.

आता व्हॉलंटिअरिंग. मुंबईत याला जागा भरपूर आहेत, पार्किन्सन्सवर काम करणारी पीडीएमडीएस २००१ पासून आहे, डिमेन्शियासाठी एआरडीएसआयचा मुंबई चॅप्टर आहे, सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी १९७२ ला सुरू झालेली स्पॅस्टिक्स सोसायटी, जिचं नाव आता अडॅप्ट आहे. शिरणं तुलनेने सोपं, फोन करायचा, भेटायला जायचं, पण ते पहिलं हेच विचारतात की किती महिने येणार, आणि विचारायलाच पाहिजे, कारण चार शनिवार येऊन गायब होणाऱ्या मुलांमुळे त्या आजी-आजोबांना खरंच वाईट वाटतं.

मी आठ महिने गेले. काम म्हणजे खुर्च्या गोल लावायच्या, व्यायाम सोबत करायचे, मोठ्याने वाचायला लावायचं कारण पार्किन्सन्समध्ये आवाज बारीक होत जातो, अक्षरही लहान लहान होत जातं. एक काका चार वाजता छान टाळ्या वाजवायचे आणि पाचला खुर्चीतून उठू शकायचे नाहीत, मला आधी वाटलं दमले असतील, मग त्यांच्या बायकोने सांगितलं की गोळीचा असर उतरलाय. आणि एक आजोबा दाराच्या उंबऱ्यापाशी यायचे आणि पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबायचे, पुढे जाताच यायचं नाही, तर त्यांच्या सुनेने घरी फरशीवर रंगीत टेपच्या आडव्या पट्ट्या चिकटवल्या होत्या आणि त्या पट्ट्या ओलांडत ते सरळ चालत जायचे! चालायचंच आहे, पाय तेच आहेत, फक्त समोर रेघ दिसली की जमतं. मी त्या रात्री घरी येऊन बेसल गँग्लिया, म्हणजे हालचाली सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागांचा चॅप्टर, उघडून बसले, आणि हे वाचलं की हालचालीची लक्षणं दिसायला लागतात तोपर्यंत त्यातल्याच सबस्टॅन्शिया नायग्रा या भागातल्या डोपामिन (हालचालीसाठी लागणारं रसायन) बनवणाऱ्या बऱ्याच पेशी आधीच गेलेल्या असतात. कॉलेजमध्ये हाच चॅप्टर पाच मार्कांसाठी पाठ केला होता.

यात तोटा काय, तर तुम्हाला सायन्सचं एकही टेक्निक येत नाही. पैसे नाहीत, उलट प्रवासखर्च आपला. आणि कोणाचेही फोटो काढायचे नाहीत, त्यांच्या आजाराच्या गोष्टी नावासकट कुठे टाकायच्या नाहीत, ती माणसं आपला प्रोजेक्ट नाहीत.

लॅबचं सगळंच उलटं. शिरणंच अवघड. सायन्स अकॅडम्यांची समर फेलोशिप दोन महिन्यांची असते, टीआयएफआरचा व्हीएसआरपी हा उन्हाळी प्रोग्राम असतो, दोन्हीत स्टायपेंड मिळतो, पण फॉर्म थंडीतच भरायचे असतात, मार्चमध्ये जागं होऊन उपयोग नाही. नाहीतर थेट मेल करायचा, आणि त्यात "रिस्पेक्टेड सर, आय ॲम पॅशनेट" असलं काही नको, त्यांचा एक पेपर खरंच वाचायचा आणि त्यातलं काय कळलं नाही ते आठ ओळींत विचारायचं. मी तीसेक मेल टाकले, उत्तरं चार आली, त्यातलं एकच होकाराचं.

माझी लॅब फळमाश्यांची होती. पहिले दहा दिवस मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगार शिजवून माश्यांचं खाणं बनवलं, बाटल्या धुतल्या, मायक्रोस्कोपखाली नर-मादी वेगळे केले. मग क्लाइंबिंगचा प्रयोग दिला, ट्यूब आपटायची म्हणजे माश्या तळाला पडतात आणि ठरलेल्या सेकंदांत किती वर चढतात ते मोजायचं. निरोगी माशी सरसर वर जाते, पार्किन्सन्सशी संबंधित जीन बिघडवलेली माशी तळाशीच घुटमळते. मी पहिल्यांदा ते बघितलं आणि मला ते उंबऱ्यावरचे आजोबाच आठवले, डोळ्यांत पाणी आलं खरंच. ग्रुपला गेले नसते तर मी फक्त आकडे लिहिले असते. पण हेही तितकंच खरं की त्यानंतर तोच प्रयोग मी पाच आठवडे केला, रोज, कंट्रोलसकट (म्हणजे तुलनेसाठी निरोगी माश्याही घेऊन), कुठली ट्यूब कुठल्या माश्यांची हे मला माहीत नसताना, आणि दोन वेळा सगळा डेटा फेकावा लागला कारण खोलीचं तापमान बदललं होतं. हे सहन होतं का, हे लॅबमध्येच कळतं, दुसरीकडे कुठेच नाही. माझ्यासोबतची एक हुशार मुलगी तिसऱ्या आठवड्यात म्हणाली की मला माणसांसोबतच काम करायचंय, आणि ती पुढे स्पीच थेरपीकडे वळली (बांद्र्याला अली यावर जंग इन्स्टिट्यूट आहेच). तिचे दोन महिने वाया गेले असं मला अजिबात वाटत नाही.

शिफारसपत्राचं बोलायचं तर पीएचडीला लॅबमधल्या सर-मॅडमच्या पत्राला वजन जास्त, क्लिनिकल सायकॉलॉजी किंवा थेरपीकडे जायचं असेल तर ग्रुपच्या को-ऑर्डिनेटरच्या. पैसे भरून मिळणाऱ्या हॉस्पिटल ऑब्झर्व्हरशिप मात्र मी तरी घेणार नाही, डॉक्टरांच्या मागे उभं राहून सर्टिफिकेट मिळतं, बाकी फार काही नाही.

मग बहिणीला काय सांगितलं? आधी ग्रुप, जुलैपासून, कारण तो कॉलेज सांभाळून आठवड्याचे तीन तास मागतो. नोव्हेंबरपासून फॉर्म आणि मेल, आणि मेलमध्ये त्या शनिवारांमधून मनात आलेला एक प्रश्न लिहायचा. उन्हाळ्यात लॅब. फक्त एकच जमणार असेल आणि पीएचडीचं मनात पक्कं असेल तर लॅब, जराही शंका असेल तर ग्रुप. आणि घर कर्जत-विरारला असेल, रोज सीएसएमटी-चर्चगेटहून पुढे कुलाब्याच्या टोकापर्यंत जाणं झेपत नसेल, तर पायथन शिका, अमेरिकेतल्या ॲलन इन्स्टिट्यूटचा मेंदूचा डेटा ऑनलाइन फुकट मिळतो, आणि कधीतरी एखाद्या रविवारी टीआयएफआरवाल्यांच्या चाय अँड व्हाय या विज्ञानगप्पांना जाऊन या, जुहूच्या पृथ्वी थिएटरला किंवा माटुंग्याच्या रुपारेलला, तिथे बोलणाऱ्यांना समोरासमोर प्रश्न विचारता येतात.

तिने ग्रुपला फोन केलाय, या शनिवारी जातेय. चार ते सहा, म्हणजे त्या काकांची गोळी चालू असतानाची आणि उतरल्यानंतरची, दोन्ही वेळा तिला दिसतील.