५०० ग्रॅमचं व्हॅक्यूम पॅक यीस्ट, मालवणच्या दमट हवेत चार महिने वापरून

मालवणात घरून पावाच्या ऑर्डरी घेते, त्यामुळे यीस्ट रोजच लागतं. आधी एका दुकानातून सुट्टं घ्यायचे, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दिलेलं, आणि जुलैत नेमकी मोठी ऑर्डर असताना पीठ तीन तास झाकून ठेवलं तरी जागचं हलेना, चाळीस पाव फुकट गेले. मग हे मागवलं. पाकीट विटेसारखं टणक, कात्रीने कोपरा कापला की फुस्स करून हवा आत शिरते आणि ते ढिलं पडतं, आत दाणे बारीक रव्यासारखे मोकळे.

त्या टणकपणाचेच, म्हणजे आत हवा नसण्याचेच, पैसे आहेत असं मी म्हणेन. एमएस्सीला मायक्रोबायॉलॉजी होतं माझं, म्हणून यावर जीव आहे. यीस्टची पेशी जागी असेल तर ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे ऑक्सिजनपासून बनणाऱ्या घातक रेणूंचा मारा, आला म्हणून गप्प बसत नाही. त्यातलंच एक हायड्रोजन पेरॉक्साइड, ते वाढलं की यॅप १ नावाचं प्रोटीन केंद्रकात जाऊन साठतं आणि बचावाची जीन्स चालू करतं, म्हणजे या माऱ्यापासून वाचवणारं थायोरेडॉक्सिन हे प्रोटीन, ग्लुटाथायोन हा छोटा रेणू बनवणारी एन्झाइम्स वगैरे यांची. कॉलेजात आम्ही पेशींना तयारीला वेळ मिळावा म्हणून आधी थोडंसं पेरॉक्साइड द्यायचो आणि तासाभराने मारक डोस, तर त्या प्लेटवर कॉलन्या भरभरून आलेल्या आणि एकदम मोठा डोस दिलेली प्लेट जवळजवळ रिकामी, अजून डोळ्यासमोर आहे ते.

पण सुकवलेल्या पेशीला हे काहीच जमत नाही, तिचं सगळं कामकाज थांबलेलं असतं. सुकण्याआधी जेवढं ट्रेहॅलोज (पेशीला जपणारी एक साखर), ग्लुटाथायोन साठवलं तेवढीच तिची शिदोरी, आणि पाकीट उघडलं की हवेतला ऑक्सिजन तिच्या भोवतीच्या पातळ पटलातली चरबी हळूहळू बिघडवत राहतो, त्यात आपल्याकडचा पावसाळा म्हणजे विचारूच नका.

म्हणून मी उघडल्या दिवशीच छोट्या काचेच्या बाटल्यांत गच्च भरून फ्रीझरमध्ये ठेवते, आठवड्याला एकच बाटली बाहेर काढते. चौथ्या महिन्यातही कोमट पाण्यात चिमूटभर साखर घालून टाकलं की दहा मिनिटांत वाटीभर फेस. काल सासूबाई म्हणाल्या, "आज पाव बरो फुगलो गो."

तक्रार एकच, उघडल्यावर कसं ठेवायचं ते पाकिटावर इतक्या बारीक अक्षरात आहे की चष्मा लावूनही दिसेना. आणि आठवड्यातून एकदाच पाव करत असाल तर ५०० ग्रॅम घेऊच नका, छोटी पाकिटं बरी. दुकानात घेताना अंगठ्याने दाबून बघा, मऊ लागलं तर आत हवा गेलेली आहे, परत ठेवा.