आपोआप फुगणारं 150 न्यूटन तरंगशक्तीचं लाइफ जॅकेट: उत्तम, पण लाड पुरवावे लागतात
फोमच्या जाडजूड जॅकेटसारखं हे अंगाला काचत नाही, म्हणून लोक ते काढून ठेवत नाहीत. याचा खरा गुण हाच. पाण्यात पडताच आतली गोळी विरघळते, स्प्रिंग सुटते, सुई 33 ग्रॅमच्या कार्बन डायऑक्साइड सिलिंडरला भोक पाडते. गोची या सिलिंडरचीच: बोटीच्या थरथरीने आटे सैल होतात. निघण्याआधी हाताने फिरवून घट्ट आहे ना ते बघा. गॅस गळला नाही ना हे कळायला अधूनमधून सिलिंडरचं वजन करून त्यावर कोरलेल्या आकड्याशी ताडा. दमट पेटीत ठेवलंत तर भलत्या वेळी फुगेल. मांड्यांमधला पट्टा वेगळा घ्यावा लागतो, हे खटकतं; त्याच्याशिवाय जॅकेट वर सरकून तोंडाशी येतं. रेनकोटच्या आत घालू नका. पोहता न येणाऱ्यांना फोमचंच बरं.