गच्चीवरील ३ किलोवॉट सौर संच: बसवणीबद्दल अभिप्राय
स्थानिक ठेकेदाराने आमच्या गच्चीवर बसवलेला संच वीज उत्तम देतो आणि पीएम सूर्यघर योजनेचे ७८,००० रुपयांचे अनुदानही मिळाले. बसवणी मात्र मध्यम प्रतीचीच म्हणावी लागेल. सांगाड्याच्या अँकर बोल्टभोवती वॉटरप्रूफिंग न केल्याने पहिल्याच पावसात जिन्यात ओल आली. त्याहून गंभीर म्हणजे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे एमसी-४ कनेक्टर (पॅनेलच्या तारा जोडणारे प्लग) एकमेकांत जोडले होते. असा जोड नीट न बसल्यास तापतो, आणि मेन स्विच बंद केला तरी ऊन असेपर्यंत पॅनेलकडच्या डीसी (एकाच दिशेच्या प्रवाहाच्या) तारांत विद्युतदाब कायम असल्याने तिथली ठिणगी सहजासहजी विझत नाही. लाइटनिंग अरेस्टरला (आकाशातल्या विजेपासून संरक्षण देणाऱ्या साधनाला) स्वतंत्र अर्थिंग मात्र न मागता मिळाले (एवढे श्रेय द्यायलाच हवे). तक्रारीनंतर कनेक्टर बदलून दिले. गळतीचे काम अजून बाकी आहे.