परदेशी भाषा: पूर्णवेळ पदवी की दुसऱ्या पदवीबरोबर अर्धवेळ कोर्स?

बारावीनंतर जर्मन, फ्रेंच किंवा जपानी शिकायचे ठरले की पहिला वाद भाषा कोणती यावर होतो. खरा निर्णय मात्र त्या भाषेचे पुढे काय करायचे हा असतो. नोकरीत ती जोडीला हवी आहे, भाषांतर-दुभाषाचे काम करायचे आहे, की शिकवायचे आहे? हे ठरले की पूर्णवेळ पदवी घ्यावी की दुसऱ्या पदवीबरोबर अर्धवेळ शिकावे, हा प्रश्न बराचसा सुटतो.

दोन वाटा

पहिली वाट पूर्णवेळ पदवीची. दिल्लीच्या जेएनयूमध्ये फ्रेंच, जर्मन, रशियन, स्पॅनिश, चिनी, जपानी, कोरियन, अरबी, फारसी अशा भाषांत बी.ए. ऑनर्स होते. प्रवेश सीयूईटी या सामाईक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर मिळतो आणि पहिल्या वर्षाला भाषा आधीपासून यावी लागत नाही. हैदराबादचे इफ्लू (इंग्रजी आणि परदेशी भाषा विद्यापीठ) हे भाषांनाच वाहिलेले केंद्रीय विद्यापीठ. १९५८ साली इंग्रजी अध्यापनाची संस्था म्हणून ते सुरू झाले आणि २००७ साली केंद्रीय विद्यापीठ झाले. घराजवळ राहायचे तर पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानी आहे, काही महाविद्यालयांत बी.ए.ला जर्मन किंवा फ्रेंच मिळते. पोर्तुगीजसाठी गोवा विद्यापीठाचा स्वतंत्र विभाग आहे.

दुसरी वाट म्हणजे बी.कॉम., इंजिनिअरिंग किंवा आणखी काही करताना सकाळ-संध्याकाळचा कोर्स. पुण्यात यासाठी रानडे इन्स्टिट्यूटमधला विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग, जर्मनसाठी मॅक्स म्यूलर भवन आणि फ्रेंचसाठी आलियाँस फ्रान्सेज ही नावे पुढे येतात. विद्यापीठाचा कोर्स वर्षभराचा आणि तुलनेने स्वस्त असतो. परदेशी सांस्कृतिक संस्थांत फी बरीच जास्त, पण वर्ग पातळीनुसार आणि गती ठरलेली. एक वर्ष वाया जाण्याची भीती तिथे कमी असते.

तासांचा हिशेब आधी करा

कोर्स किती वर्षांचा आहे हे विचारण्यापेक्षा वर्गात प्रत्यक्ष किती तास मिळणार हे विचारा. भाषेची पातळी मोजण्याच्या युरोपीय चौकटीत सुरुवातीच्या ए१ पासून सर्वांत वरच्या सी२ पर्यंत सहा पातळ्या आहेत. मॅक्स म्यूलर भवनाची मूळ संस्था जर्मनसाठी ४५ मिनिटांच्या तासिका धरून ए२ला २०० ते ३५०, बी१ला ३५० ते ६५० आणि बी२ला ६०० ते ८०० तासिका सांगते.

आता अर्धवेळ कोर्स आठवड्याला सहा तास आणि वर्षाला तीस आठवडे चालला असे धरू. म्हणजे १८० तास, अर्थात २४० तासिका. वर्षाअखेर ए२ कुठेतरी लागते आणि बी२पर्यंत जायला तीन वर्षे सरतात, तीही एकही सत्र न बुडवता. पदवीत आठवड्याला बारा तास भाषेला मिळाले तर वर्षाला ४८० तासिका होतात, म्हणजे तेच अंतर दीड वर्षात पार पडते. उरलेल्या दीड वर्षात साहित्य, इतिहास, भाषाविज्ञान आणि भाषांतर शिकायला मिळते. पदवीचा खरा फायदा या उरलेल्या काळात आहे. म्हणून तिसऱ्या वर्षालाही व्याकरणाचेच तास चालत असतील, तर त्या अभ्यासक्रमाबद्दल पुन्हा विचार करावा.

अर्धवेळ वाटेवरचे बहुतेक विद्यार्थी ए२ आणि बी१च्या मधे गळतात, जपानीत एन४ आणि एन३च्या मधे (जपानीच्या परीक्षेच्या पातळ्या सोप्या एन५ पासून अवघड एन१ पर्यंत जातात). नेमके तेव्हाच पदवीचे शेवटचे वर्ष, इंटर्नशिप किंवा कॅम्पस मुलाखती येतात. एक सत्र सुटले की शब्द विसरतात, पुढचा वर्ग जड जातो आणि सर्टिफिकेट ए२वरच थांबते. ए२वर नोकरीत कोणी वेगळे पैसे देत नाही. हा धोका ओळखून पहिल्या दोन वर्षांतच बी१ गाठायचे नियोजन हवे. मे महिन्यातल्या सघन वर्गांचा उपयोग इथेच होतो.

बारावीला जर्मनमध्ये ९५ गुण मिळाले म्हणून थेट बी१च्या वर्गात बसण्याची चूकही नेहमी होते. बोर्डाचा पेपर आणि बोलण्याची पातळी या वेगळ्या गोष्टी. प्लेसमेंट टेस्ट द्या आणि ती जो वर्ग सांगेल तो घ्या.

कोणती भाषा

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकांना फ्रेंचसाठी सुमारे ३०, जर्मनसाठी ३६ आणि जपानी, चिनी, कोरियन, अरबीसाठी ८८ आठवडे धरते. मराठी माणसासाठी हे चित्र थोडे बदलते. जपानीत क्रियापद मराठीसारखेच शेवटी येते आणि विभक्तीसारखे प्रत्यय नामामागे लागतात, त्यामुळे वाक्यरचना लवकर बसते. काना लिपीचा क्रमही आपल्या वर्णमालेच्या ओळखीचा आहे. अडथळा आहे तो कांजींचा, म्हणजे चिनीतून आलेल्या अक्षरचिन्हांचा: नित्य वापराच्या अधिकृत यादीत २१३६ कांजी आहेत आणि त्यांना जवळची वाट नाही. पहिल्या महिन्यात वहीत जपानी शब्द देवनागरीत लिहायची सवय लागली की वाचनाचा वेग पुढे कायम मागे राहतो. काना पंधरा दिवसांत पक्की करून देवनागरी सोडून द्यावी.

जर्मनमध्ये मराठीसारखी तीन लिंगे आहेत, त्यामुळे कल्पना नवी नसते, पण शब्दांची लिंगे जुळत नाहीत. नाम लिंग दाखवणाऱ्या आर्टिकलसकट (der, die, das) पाठ केले नाही तर पुढे विभक्ती आणि विशेषणे दोन्ही चुकतात. फ्रेंचची अडचण कानाची. लिहिलेले अर्धे उच्चारले जात नाही आणि शब्द एकमेकांना जोडून येतात, म्हणून रोज वीस मिनिटे ऐकणे हा अभ्यासाचाच भाग समजावा.

परीक्षाही वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. फ्रेंचच्या डेल्फमध्ये १०० पैकी ५० लागतात, पण चारही भागांत २५ पैकी किमान ५ हवेत. जर्मनच्या बी१ परीक्षेत चार मॉड्यूल स्वतंत्र देता येतात, प्रत्येकी ६० गुण हवेत. जपानीची जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. एन२ला १८० पैकी ९० आणि प्रत्येक विभागात ६० पैकी किमान १९ लागतात. तीत बोलणे किंवा लिहिणे तपासलेच जात नाही, त्यामुळे एन२ असूनही फोनवर अडखळणारे उमेदवार मुलाखतीत मागे पडतात. जपानी घेणाऱ्याने संभाषणाचा वेगळा वर्ग धरावाच.

शिकवायचे असेल तर

इथे पूर्णवेळ पदवीचे पारडे स्पष्ट जड आहे. महाविद्यालयात साहाय्यक प्राध्यापक व्हायला त्या भाषेत ५५ टक्क्यांसह एम.ए. लागते आणि त्यासोबत नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा किंवा पीएच.डी. दुसऱ्या विषयात पदवी घेऊन नंतर एम.ए.ला जाता येते, पण पदवीबरोबर भाषेची ठरावीक पातळी दाखवावी लागते. म्हणजे अर्धवेळ वाट मधेच सोडलेली चालत नाही. काही शिष्यवृत्त्याही पदवीशी बांधलेल्या आहेत. जपान सरकारची जपानी भाषा व संस्कृतीसाठीची वर्षभराची शिष्यवृत्ती फक्त तो मुख्य विषय असलेल्या पदवीच्या विद्यार्थ्यांना मिळते. एन२ झालेला इंजिनिअरिंगचा विद्यार्थी तिथे बसत नाही.

शाळेसाठी बी.एड. लागते आणि इथेच अनेकांची गाडी अडते: बी.एड.ला फ्रेंच किंवा जर्मनची अध्यापनपद्धती मिळेलच असे नाही. प्रवेश घेण्याआधी महाविद्यालयाकडून हे लेखी विचारून घ्या. शाळेतली नोकरी धोरणावरही हलते. २०१४ साली केंद्रीय विद्यालयांत तिसरी भाषा म्हणून जर्मनच्या जागी संस्कृत आणण्याचा निर्णय भर सत्रात झाला. एकाच शाळेवर अवलंबून न राहता खासगी वर्ग किंवा संस्थेतले अर्धवेळ काम सोबत ठेवणे शहाणपणाचे.

भाषा येणे आणि ती शिकवता येणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि आपल्याकडच्या बऱ्याच एम.ए.मध्ये दुसरीला फार थोडी जागा असते. अभ्यासक्रम पाहताना किती पाठ प्रत्यक्ष घ्यावे लागतात आणि ते कोणी बसून पाहतो का, हे विचारा. तुलनेसाठी इंग्रजी अध्यापनाची केंब्रिजची सेल्टा घ्या: सुमारे १२० तासांचा कोर्स आणि त्यातले सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांपुढे, निरीक्षकासमोर शिकवायचे. जर्मनच्या शिक्षकांसाठी मॅक्स म्यूलर भवनाचे स्वतंत्र प्रशिक्षण असते. निरीक्षणाखाली घेतलेला एकही पाठ नसेल, तर एम.ए.नंतर असे प्रशिक्षण वेगळे घ्यायला हवे.

भाषा शिकवण्याच्या या कौशल्याला आता आपल्या राज्यात मराठीसाठीही मागणी आहे. २०२०च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व शिक्षण मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. त्यामुळे घरी मराठी नसलेल्या मुलांना ती दुसरी भाषा म्हणून शिकवावी लागते. अशा मुलांपुढे मराठी मातृभाषा असलेल्यांसाठीचे पुस्तक ठेवून चालत नाही. मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागाने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर अमराठी प्रौढांसाठी ‘माय मराठी’ हा उपक्रम उभा केला, तो परदेशी भाषा शिकवण्याच्या अनुभवावरच. उत्तर अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांच्या मराठी शाळाही असेच शिकवणारे शोधतात. फ्रेंच किंवा जर्मनच्या पदवीबरोबर अध्यापनाचे प्रशिक्षण घेणाऱ्याने एक प्रात्यक्षिक प्रकल्प मराठीवर करावा, वीस पाठांचा, ए१ पातळीचा, ध्वनिफितींसह. मुलाखतीत दाखवायला तो उपयोगी पडतो आणि लगेच वर्गातही वापरता येतो.