पुण्याच्या जुन्या तापमानातले विचित्र दिवस: काही महिने 'एमएडी' वापरल्यावर

विचित्र दिवस शोधायला गेल्या उन्हाळ्यापासून झेड-स्कोअर (दिवस सरासरीपासून किती प्रमाण विचलनं, म्हणजे आकड्यांच्या नेहमीच्या पसाऱ्याच्या किती पट, दूर) सोडून एमएडी (मीडियन अ‍ॅब्सोल्यूट डेव्हिएशन) वापरतोय. सरासरीऐवजी मध्यक (आकडे क्रमाने लावले की मधोमध येणारा) घ्यायचा, प्रत्येक दिवस त्यापासून किती लांब ते काढायचं आणि त्या अंतरांचा पुन्हा मध्यक घ्यायचा. तो 1.4826 ने गुणला की प्रमाण विचलनाच्या जागी चालतो. एक्सेलमध्येही जमतं.

झेड-स्कोअरमध्ये एखादा भलताच आकडा सरासरी आणि विचलन दोन्ही फुगवतो आणि त्याच्याच आड लपतो. मध्यक अशा आकड्याला भीक घालत नाही.

डेटा हवामान खात्याचा, फुकट: 1951 पासूनचं रोजचं कमाल-किमान, अक्षांश-रेखांशाच्या 1 अंशाच्या चौकटींत. पण यात एक गोम आहे. पुणे ज्या चौकटीत येतं तिचा मध्य 18.5 उत्तर, 73.5 पूर्व, म्हणजे मुळशी धरणाचा परिसर! कर्जत, महाडही त्याच चौकटीत. पेपरात वाचलेला शिवाजीनगरचा पारा इथे शोधू नका, मिळायचा नाही. विक्रम तपासायचे तर हवामान केंद्राच्या नोंदीच हव्यात.

आख्ख्या वर्षाला एकच पट्टी लावणं तर व्यर्थच. तारखेच्या मागेपुढे आठवडा धरून सगळ्या वर्षांचे आकडे एकत्र घ्या. जुलैत ढगांमुळे कमाल तापमान फारसं हलत नाही, त्यामुळे पावसाने दडी मारून दोन दिवस ऊन पडलं की लगेच 'विचित्र' म्हणून लाल खूण. एप्रिलमध्ये तेवढ्या फरकाला कुणी विचारत नाही.

मे महिन्यात मात्र एमएडी दगा देतो. वळवाचे ढग दुपारच्या आतच दाटले की कमाल पारा धाडकन उतरतो, वर मात्र तेवढा चढत नाही. पद्धत दोन्ही बाजू सारख्याच धरते. परिणामी यादीत थंड दिवसांची गर्दी होते आणि खरे तापलेले दिवस सुटतात. तिथे मी सरळ 90 वा पर्सेंटाइल (दहातले नऊ दिवस ज्याच्या खाली राहतात तो आकडा) लावतो.

सगळ्यात आवडलं ते फेब्रुवारीचं. खात्याच्या निकषात मैदानी भागात उष्णतेची लाट म्हणायला पारा आधी 40 ला पोचावा लागतो, शिवाय सरासरीपेक्षा 4.5 अंश वर. फेब्रुवारीतला अवेळी उकाडा त्यात बसतच नाही. एमएडीत तो चटकन दिसतो.

मध्यकापासूनचं अंतर त्या गुणलेल्या एमएडीच्या किती पट झालं की खूण करायची, ती मर्यादा दोनवर ठेवाल तर वर्षाला 16-17 दिवस नुसत्या योगायोगानेच 'विचित्र' ठरतील. मी 3.5 ठेवलीये, आणि सलग तीन दिवस खूण आली तरच पुढे खणतो.