तंबाखू सोडवण्यासाठी तीस मिनिटांचं एसीटी सत्र: आठ महिन्यांच्या वापरानंतर

एसीटी म्हणजे ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी: नकोशा भावना दाबण्याऐवजी त्यांना जागा देऊन आपल्याला महत्त्वाचं वाटतं ते करायला शिकवणारी समुपदेशनाची पद्धत. कर्क स्ट्रोसाल आणि पॅट्रिशिया रॉबिन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी प्राथमिक आरोग्यसेवेत रुजवलेला तिचा हा छोटा साचा तंबाखू-मिश्री सोडू पाहणाऱ्यांसाठी आठ महिने वापरून झाला. साचा भरवशाचा आहे, पण घड्याळ पाळलं तरच.

पहिली १० मिनिटं जगण्याची चौकशी: घरची माणसं, काम, विरंगुळा, तब्येत. मग ५ मिनिटांत तीन गोष्टी विचारायच्या. सवय कधीपासून, तलफ कशाने येते, प्रमाण वाढतंय की घटतंय. त्यानंतरचा प्रश्न सगळ्या सत्राचा कणा आहे: "सोडण्यासाठी आजवर काय काय केलंत, आणि किती दिवस टिकलं?" विचारून गप्प बसायचं. देवाची शपथ, खिशात बडीशेप, पुडी फेकून देणं अशी यादी माणूस स्वतःच मांडतो आणि तलफ दाबण्यात किती शक्ती गेली ते त्याचं त्यालाच दिसतं. इथे कॅन्सरची भीती घातली की समोरचा मान डोलावतो आणि बाहेर पडल्यावर बार भरतो.

शब्दांनी बराच काळ अडवलं. "स्वीकार करा" म्हटलं की लोकांना "मुकाट सोसा" असं ऐकू येतं. "तलफेला थोडी जागा द्या" हे लगेच कळतं. "तुमची मूल्यं कोणती?" या प्रश्नाला शाळेतल्या मूल्यशिक्षणासारखी पाठ उत्तरं मिळतात. "हे कुणासाठी करायचंय?" विचारलं की नातवाचं नाव निघतं.

पुढची ७ मिनिटं सरावाची. डोळे उघडे ठेवून तलफ कुठे जाणवते ते न्याहाळायचं: गालफडात, जिभेखाली, बोटांच्या चुळबुळीत. सर्वांत जास्त सत्रं इथेच बिघडतात, कारण समुपदेशक विचारतो, "गेली ना तलफ?" मग तलफ घालवणं हाच हेतू ठरतो आणि ती न गेल्यास सराव फुकट वाटतो. विचारायचं ते असं: "ती असतानाही तुम्ही काय करू शकलात?"

उरलेली ८ मिनिटं एका पावलासाठी राखून ठेवा. चौकशी लांबली की हीच कापली जातात. "खाणार नाही" हे पाऊल नव्हे. "दुपारच्या चहानंतर चुन्याची डबी टेबलावर ठेवून गेटपर्यंत चक्कर मारेन" हे पाऊल. शून्य ते दहात खात्री किती, असं विचारा. सातच्या खाली आली तर समजूत घालत बसू नका, पाऊल लहान करा: रोज नको, आठवड्यातून तीनदा.

निकोटीन सुटल्याचा त्रास पहिल्या काही दिवसांतच तीव्र असतो, म्हणून पुढची भेट महिन्याने ठेवणं चूक. आठवड्याच्या आत ठेवा. उठल्याउठल्या तंबाखू लागणाऱ्याला नुसतं सत्र बहुधा पुरत नाही. निकोटीन गमबद्दल डॉक्टरांचा सल्ला आणि १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय क्विटलाइन जोडीला द्या. आणि तोंड पूर्ण उघडत नसेल किंवा आत पांढरा चट्टा दिसला, तर सत्र बाजूला ठेवून आधी दंतवैद्याकडे पाठवा.